बंद करायच्या आधी

कॅसलरॉक स्टेशनच्या शेवटच्या बाकावर तेवढी रेंज मिळते. मी लोंढ्याच्या गाडीची वाट बघत असताना एक जण तिथं लॅपटॉपवरून लांबच्या शहरातली सर्व्हर मशीनं सांभाळत बसलेला असायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा त्यानं काळ्या पडद्यावर नुसतं ‘हू’ टाइप केलं.

“हे काय?”

“मशीन बंद करायच्या आधी आत कोन हाय ते बघायचं. भाताच्या तरव्याची जागा भाजायच्या आधी आमी पाल्यावर काठी आपटतो न्हवं, आतला जीव पळू दे म्हणून? तसंच.”

एकच ओळ उमटली.

“कोण आहे?”

“मीच. बाकी सगळी नव्या मशीनवर गेली.” बंद करायची आज्ञा टाइप करून एंटरवर ठेवलेलं बोट त्यानं उचललं. “आजच्या दिवस ऱ्हाऊ दे.”

माझी गाडी आली. आजच्या दिवस मीही थांबलो.