बकरीने पसंत केलेली गाडी

आमची मावशी जनावरांची डॉक्टर. तीस वर्षं डोंगरातल्या गोठ्यांवर स्कूटरने हिंडून तिचे गुडघे पार कामातून गेले. "आई गं" म्हटल्याशिवाय एक पायरी चढवेना, तेव्हा कुठे बाईसाहेब मोठी गाडी घ्यायला तयार झाल्या. माझ्यासोबत शोरूममध्ये आली ती थेट पायाला प्लास्टर घातलेली बकरी घेऊनच!

"मॅडम, फोर व्हील ड्राइव्ह आहे, मागे भरपूर जागा..." विक्रेत्याने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली.

"ते हिला सांगा," मावशी म्हणाली. "आजारी जनावर आता मला उचलवत नाही. ही आपणहून चढली, तर गाडी माझी."

पहिल्या गाडीकडे बकरीने ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरी नुसती हुंगली. तिसरीत मात्र तीन पायांवर टुणकन चढली आणि गाडीचं माहितीपत्रक चघळत बसली. मी हसून हसून बेजार!

मग चाचणीसाठी गावाबाहेर नेल्यावर चिखलाचा चढ गाडीने सरसर चढून दाखवला. वर पोचल्यावर विक्रेता अदबीने म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही चढून-उतरून बघा."

मावशी उतरली, चढली, पुन्हा उतरली, पुन्हा चढली. सातव्या खेपेला मात्र दचकून थांबली.

"अगं बाई! 'आई गं' म्हणायचं राहूनच गेलं की!"