बुर्हानने न ओढलेली पिन

माझा नवरा बुर्हान दोन घासही एका जागी बसून खात नाही. पायाला भिंगरी म्हणावी, तर भिंगरीसुद्धा कधीतरी थांबते. दिवा जरा मिणमिणला की हा ताटावरून उठलाच. आणि आमच्या अल-मीना गावात दिवे मिणमिणायला काय मुहूर्त लागतो? सरकारी वीज जाते, गल्लीतला जनरेटर सुरू होईपर्यंत अंधार, जनरेटरवाल्याची लहर फिरली की पुन्हा अंधार. बाकीचे शिव्या घालून मोकळे होतात. हा नुसत्या येरझारा घालतो.

बंदराजवळच्या दवाखान्यातले संगणक तो सांभाळतो. गेल्या वर्षी तिथलं यंत्र मुलांच्या हृदयाची हलती चित्रं साठवत असताना वीज गेली आणि डिस्कवर सगळा काला झाला. त्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या रीमासची चित्रं गेली. बैरूतहून सर्जन आले आणि चित्र नाही म्हणून तिची पाळी दुसऱ्याला देऊन गेले. पोर अजून जिना चढताना अर्ध्यावर बसते. ती तिथे बसली की हा घरात उठून उभा राहतो. "तुझा काय दोष यात?" असं मी हजारदा म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा सर्जन पुन्हा येणार होते. रीमासची नवी चित्रं काढून झाली होती, पण दवाखान्यातली डिस्क कुरकुरायला लागली होती. म्हणून याने एक जुनं यंत्र घरी आणून नव्याने बांधायला घेतलं. यंत्राचा जो गाभा असतो, कर्नल म्हणतात त्याला, त्यात काय असावं ते आपण निवडायचं असतं. याला हवं होतं जर्नल. म्हणजे डिस्कवर काहीही हलवण्याआधी यंत्राने ते बाजूला टिपून ठेवायचं, आणि मध्येच वीज गेली तर उठल्यावर टिपण बघून निस्तरायचं.

यंत्र म्हातारं, त्यावर भार नको, म्हणून पहिल्यांदा याने तो भाग गाभ्यात न घालता वेगळा तुकडा करून डिस्कवर ठेवला. यंत्र उठेचना. डिस्क उघडायला तो तुकडा हवा, आणि तुकडा डिस्कच्या आत!

"कपाटाची किल्ली कपाटात ठेवलीस की रे," मी म्हटलं.

तो हसलासुद्धा नाही. गाभा पुन्हा बांधला, जर्नल आतच घातलं, यंत्र उठलं. आता एकच परीक्षा उरली होती, काम चालू असताना विजेची पिन ओढून बघायची. ती याच्याने होईना. हात पिनेपर्यंत जाई आणि परत येई.

"रिकामं आहे तोवर ओढ ना!"

"ओढतो गं. ओढतो."

तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, डिस्क जाते आहे. हा पळत जाऊन ती घेऊन आला, चित्रं उतरवली, आणि डिस्कने कायमचा राम म्हटला. आता रीमासचं हृदय फक्त आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं. दुपारी यंत्र एकेका मुलाची चित्रं ज्याच्या त्याच्या खणात लावत होतं. सासूबाई भात भरायला कूसा, म्हणजे भोपळ्यासारखी कोवळी फळं, कोरत बसल्या होत्या, आणि दिवा लुकलुकला.

आमच्याकडे दिवा लुकलुकला की पिना ओढायच्या, कारण परत येणारी वीज कधी कशी येईल सांगता येत नाही. एक फ्रिज जळाल्यापासून सासूबाई यात फार चपळ झाल्या आहेत. त्यांनी फ्रिजची ओढली, टीव्हीची ओढली, आणि बॅटरीच्या डब्यात घातलेली यंत्राचीही ओढली.

"आई!"

"केवढ्याने ओरडतोस मेल्या! कूसा पडला ना हातातून."

"ते बॅटरीवर होतं, आई! ते बंद पडणारच नव्हतं!"

"मला काय कळतंय तुझ्या डब्यातलं? लुकलुकलं, ओढली. अख्खं आयुष्य हेच केलं."

बुर्हानचा चेहरा पिठासारखा झाला. पिन परत लावायला तो पुढे होईना, ती शेवटी मीच लावली. वीज एव्हाना गेलीच होती; बॅटरीवरच यंत्र उठलं आणि पडद्यावर ओळी सरकू लागल्या. त्यातल्या एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. यंत्र टिपण वाचत होतं. मग खण उघडले, सगळे जागेवर होते. रीमासचा त्याने सर्वांत शेवटी उघडला. राखाडी पडद्यावर तिचं छोटंसं हृदय मिटत होतं, उघडत होतं. मला रडूच फुटलं.

"बघ, मी ओढली म्हणून कळलं तरी," सासूबाई म्हणाल्या. "तू तर जन्मभर ओढली नसतीस."

तो बाहेर गेला. बराच वेळ परतला नाही, म्हणून मी दारातून वाकून पाहिलं. जिन्यात अर्ध्यावर रीमास बसली होती, आणि तिच्या शेजारी हा.

"काका, तुम्हीपण दमलात?"

"हो गं. फार दमलो."

एवढ्यात वीज आली. नेहमीसारखी सगळी इमारत "आली! आली!" म्हणून ओरडली. तो उठला नाही.