काशाचा ब्रोच

परदेशात माझ्याकडे, कॅरी शहरात येऊन महिना झाला तरी आईने साडी नेसली नव्हती. सांधे आखडलेले, बोटांनी सेफ्टी पिन लावता येत नाही, आणि मी लावून दिलेली तिला चालत नाही. माझी ट्रॅकपँट घालून ती सोफ्यावर अवघडून बसायची. मला ते बघवत नव्हतं. ती परत जायच्या आत तिच्या हातांना जमेल असा ब्रोच करायचाच, असं ठरवून मी शनिवारच्या धातूच्या ओतकामाच्या क्लासला नाव घातलं.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी युरोपात असे ब्रोच ओतायचे: एका बाजूला फट ठेवलेलं कडं आणि त्यावर सरकणारी टाचणी. टाचणी कापडातून काढायची, फटीतून न्यायची आणि कडं जरा फिरवायचं. बारीक खटक्याची भानगडच नाही. तेव्हा लोक जुनी भांडीसुद्धा वितळवत, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या आणि मला आईच्या बॅगेतली काशाची वाटी आठवली. घरी येऊन मागितली. आई वाटी पुसून पुढे करत म्हणाली, "घे."

पहिल्या शनिवारी मातीचा साचा भट्टीत तडकला. दुसऱ्या शनिवारी मात्र कडं आणि टाचणी झकास उतरली. तिसऱ्या शनिवारी टाचणी ठोकून बारीक करायची होती. सगळ्यांच्या टाचण्या लांबत होत्या, माझी चौथ्या ठोक्याला तुटली. उरलेल्या धातूची दुसरी ओतली, तीही गेली. चिडून कड्याची फट जरा दाबायला गेले, तर त्याचेही दोन तुकडे. नोकरीत दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका पकडते, आणि इथे माझीच अक्कल शेण खायला गेली होती. "टू मच टिन," बाई तुकडा बघून म्हणाल्या. म्हणजे काशात कथिल जास्त.

घरी येऊन तुकडे टेबलावर आपटले.

"कासं ना ते? थंड ठोकलं की फुटणारच," आई म्हणाली. तिचं माहेर तांबट आळीतलं.

"अगं, मग आधी सांगायचं नाही का? तीन वीकेंड वेस्ट केले मी!"

"तू वितळवायला मागितलीस. ठोकणार आहेस, हे कुठे बोललीस?"

"आणि एवढ्या लांब ती वाटी आणलीस तरी कशाला?"

आई तुकडे गोळा करत राहिली.

"शनिवारी तुला सुट्टी असते ना. म्हटलं, त्या वाटीने तळपायांना जरा तूप चोळून देशील."