त्याच तोंडानं

राहुरीहून हुसेनभाई नगरला आले ते थेट माझ्या शाळेच्या दाराशी. ते पिंजारी, माझ्या दानियलमामांच्या शेजारीच त्यांचं घर. आत आले नाहीत. लिंबाखाली उभ्यानंच म्हणाले, "दानियलभाऊ गेले, बाई. सकाळी चहा घेऊन गेलो, तर..."

मागच्या पिढीला मामा आठवतात ते ख्रिस्ती कीर्तनकार म्हणून. जामखेडच्या बाजूला ते उपदेशक होते. क्षमा या विषयावर त्यांचं कीर्तन असं रंगायचं, की इतर धर्मांची माणसंही पाराशी येऊन डोळे पुसत. घरात मात्र ती क्षमा त्यांना साधली नाही. एकुलता एक शमुवेल दारूला लागला, एकदा उपासनेला झिंगून आला. मामांनी सगळ्या मंडळीदेखत त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पुन्हा तोंड दाखवू नको म्हणून बजावलं. त्यानं ते अक्षरशः पाळलं. पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे लढाईवर गेला, आणि काही महिन्यांनी तो बेपत्ता झाल्याची तार आली.

पुढच्या रविवारी मामा उपदेशाला उभे राहिले... आणि एक शब्द न बोलता खाली बसले. नंतर त्यांनी काम सोडलं, त्याबरोबर मिळालेलं घरही सुटलं. राहुरीत एका खोलीत बिऱ्हाड केलं, आणि कीर्तनकार मामा गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडं सारू लागले. रविवारी ख्रिस्ती देवळात जात, पण दारापाशी चपलांजवळ बसत. येशूच्या आठवणीत सगळे मिळून घेतात ती प्रभुभोजनाची भाकर समोर आली की मान खाली घालून शेजाऱ्याकडे सरकवत. लढाई संपली, गावोगावचे शिपाई परतले. शमुवेलची काहीच खबर नव्हती.

मामीला क्षयानं गाठलं तेव्हा मी तिच्या उशाशी होते. एका दुपारी तिनं मामांना प्रार्थना करायला सांगितलं. मामा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कोणत्या तोंडानं करू?"

"ज्या तोंडानं पोराला हाकललं, त्याच तोंडानं करा," मामी धापा टाकत म्हणाली. "दुसरं कुठनं आनायचं?"

मामा गुडघे टेकून बसले. कीर्तनातला एकही शब्द त्यांना सापडेना. शेवटी एवढंच निघालं, "प्रभू, मी आलोय. रिकामा आलोय." मग ते लहान मुलासारखे रडले.

मामी त्याच आठवड्यात गेली. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मामांनी भाकर घेतली. परतताना मी काहीच विचारलं नव्हतं, तेच म्हणाले, "शमूनं मला माफ केलं का, हे मला कळनार न्हाई, पोरी. ते दुखनं मरेस्तोवर राहील. पन सगळं गेलं, तवा प्रभूला आत यायला जागा झाली. आता त्याचं देनं पुरून उरतंय."

दुःख हललं नव्हतंच. कधी कधी दिवसभर अन्नाला शिवत नसत. पण जे पुरून उरत होतं, ते त्यांनी वाटलं. आळीत कुणी अंथरुणाला खिळलं, की मामा जाऊन हात धरून बसायचे, जात-धर्म न पाहता. हुसेनभाईंच्या आईनंही त्यांचाच हात धरून डोळे मिटले.

मामांना माती दिल्यावर, गेल्या आठवड्यात मी त्यांची राहुरीची खोली आवरायला गेले होते, हुसेनभाई मदतीला होते. समोरच्या शेतकऱ्याच्या म्हातारीला घरघर लागली होती. तिची सून धावत बाहेर आली आणि सवयीनं मामांच्या दाराकडे बघून म्हणाली, "दानियलबाबा, जरा येता का..." आणि तिनं तोंडाला पदर लावला.

हुसेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघंच समोरच्या घरात गेलो, आणि म्हातारीचा हात हातात घेऊन बसलो.