अप्पांनी मला परत घेतलं नाही

अप्पा लिंगैक्य झाल्याचा फोन आला तेव्हा मी परक्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीत डोकं घालून उभा होतो. फोन त्यांच्या मुलाचा, नांदेडहून. "काका, अप्पा गेले." मी म्हणालो, "थांब जरा, बॉल कॉक अडकलाय..." महिना उलटला, त्या उत्तराची लाज काही जात नाही.

माझी-अप्पांची गाठ पडली तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, कारकून आले, घरं मात्र तेवढीच. अप्पा गोलाईच्या बाजारामागे गादी टाकून बसत आणि लोकांना भाड्याने घरं मिळवून देत. मी मुखेडहून येऊन त्यांच्या हाताखाली लागलो. त्यांची रीत ठरलेली. भाडेकरूला किल्ली दिली की त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. "दलालाचे हात रिकामे पाहिजेत," म्हणायचे. मला तो कोतेपणा वाटे. सहा वर्षं त्यांच्यासाठी चपला झिजवल्यावर मला अक्कल सुचली... मालक पुण्या-मुंबईला असतात, त्यांची घरं आपणच सांभाळायची. गळती, रंग, भाडेकरू, सगळं आपल्याकडे. अप्पांना सांगितलं तर कपाळावरच्या भस्मावर बोट फिरवत म्हणाले, "हाव, कर. लेखी तेवढं काही देऊ नको."

मी लेखी दिलं. नऊ घरांच्या करारांत, सुवाच्य अक्षरात: पाण्याची जबाबदारी माझी. लिहिलं तेव्हा श्रावण होता, बोअर नुसते ओसंडत होते.

पुढचे दोन पावसाळे कोरडे गेले. नऊही बोअर आटले. पाणी उरलं फक्त माझ्या घरामागच्या आडाला, आणि त्या आडाची फुशारकी मीच नऊ घरी मारून ठेवलेली. उजाडलं की अंगणात घागरींची रांग. एका कारकुनाच्या बायकोने तर करारच उलगडून दाखवला, "भाऊजी, अक्षर तुमचंच न्हाई का?" माझी बायको चार दिवस सोसून अर्धापूरला माहेरी गेली. तिथे केळीलासुद्धा पाणी होतं. मालकांना पत्रं धाडली, एकाचंही उत्तर नाही. भाडेकरूंनी जावं तरी कुठे, आणि मी तरी?

शेवटी अप्पांसमोर जाऊन बसलो.

"अप्पा, परत हाताखाली घ्या."

"आन् ती घरं?"

"सोडतो."

"मग न्हाई घेत."

"मी तुम्हाला सोडून गेलो, त्याचा राग हाय का?"

"मला सोडलास, चालतंय. माझ्या घरात पाणी हाय." त्यांनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली. "पिऊन घे अन् जा. लोकं आडापाशी उभी असतील."

तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याने सूड उगवला. तो उन्हाळा मी बैलगाडीवर पिंपं लादून पाणी वाहिलं. पाऊस आला, पण मी काही सुटलो नाही. नवाची चाळीस घरं झाली, आणि अजून कुणाचा नळ गळला की मलाच जाग येते.

दिवसकार्य उरकल्यावर मुलगा म्हणाला, "काका, अप्पा सांगून गेलेत. आपलं लातूरचं घर दलालाकडं द्यायचं न्हाई, तुमच्याकडं द्यायचं."

घर ताब्यात घेऊन तीन आठवडे झाले. एका मास्तरांना फार आवडलं. मी त्यांना सांगितलं, पुढची खोली रिकामी नाही. तिथल्या भिंतीवर, अप्पा टेकून बसत तिथे, त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग आहे. रंगाऱ्याला अजून बोलावलेलं नाही. मुलगा फोनवर विचारतो, भाडेकरू मिळाला का. "बघून राहिलो," म्हणतो, आणि तिथेच टेकून बसतो. माझं डोकं त्या डागाच्या वीतभर खाली येतं.