गव्हाची हिरवळ

दुष्काळाच्या वर्षी मी एका सरकारी कचेरीपुढे गहू पेरला आणि ती हिरवळ आहे असं साहेबांना सांगितलं. नातवंडं हा किस्सा दर सुट्टीत सांगायला लावतात, म्हणून एकदाचा लिहूनच टाकते.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नव्या वसाहती, आणि प्रत्येक साहेबाला दारापुढे बाग हवी. नांदेडची माझी मैत्रीण आणि मी, दोघी हेच शिकून आलेल्या. एका हॉटेलच्या माडीवर खोली घेतली आणि बागांचे, रस्त्यांचे आराखडे करून देणारं ऑफिस थाटलं. बोर्डावर दोघींची नावं. तो मी स्वतः ठोकला, म्हणून तिच्या नावाची बाजू चार बोटं खाली गेली. लोकांना जमिनीचे उतार काढून देणार आम्ही, आणि आमचा बोर्डच उतरता!

पहिलं काम त्या कचेरीचं. मैत्रिणीनं साधा आराखडा काढला: कडुनिंब, त्यांच्याभोवती बसायला कट्टे, पावसाचं पाणी मुरायला खोलगट जागा.

"जळकोटहून माणूस येतो, सही मिळेपर्यंत दिवसभर ताटकळतो," ती म्हणाली. "त्याला सावली लागते, गवत न्हाई."

मला ते फारच गावठी वाटलं. (असे कट्टे पुढे थेट हिमायतनगरपर्यंत झाले, ते सोडा.) मी तेव्हा नकाशांची नळी खांद्याला अडकवून, काळा चष्मा लावून फिरायची; संध्याकाळीसुद्धा. मी गोल हिरवळ काढली, मधोमध कारंजं. तिचा कागद नळीतच ठेवला आणि साहेबांना फक्त माझा दाखवला. साहेब खूश.

हिरवळ महिनाभरात वाळून पिवळी पडली. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, कारंज्याचं नाव कोण काढतो? उद्घाटन तोंडावर आलेलं. तेव्हा मला नवरात्रातला घट आठवला. चार दिवसांत कसं तरारून येतं धान! मी दाट गहू पेरला, वर ओली पोती पांघरली आणि हॉटेलातलं भांडी विसळलेलं पाणी घातलं. हिरवागार गालिचा झाला. खरकट्याचा वास यायचा, पण लांबून कळत नव्हतं.

मैत्रिणीनं एकदाच येऊन पाहिलं. "तू लोकांना फसवून राहिलीस. उद्घाटन होऊ दे, बोर्डावरचं माझं नाव काढून टाकते."

"काढ की," मी म्हणाले. काय तो तोरा! तिच्यावाचून ते ऑफिस मला एक दिवस नको होतं, पण तेवढं बोलायला जीभ वळली नाही.

उद्घाटनाच्या सकाळी पाहते तर एक म्हैस निवांत हिरवळ खातेय, आणि तिची मालकीण, एक म्हातारी, शेजारी बसलेली. मी चष्म्यासकट धावले.

"आजी, हाकला तिला! बाग आहे ती!"

"बाग कशाची वो बाई? गहू हाय की. लई दिवसांनी हिरवं दिसलं तिला, खाऊ द्या."

म्हैस हलेपर्यंत अर्धी हिरवळ तिच्या पोटात होती. उरल्या खुंटांवर मी मांडवातल्या खुर्च्या मांडल्या.

फीत कापून झाल्यावर साहेब म्हणाले, "वा, मॅडम! अशीच हिरवळ आता सगळ्या वसाहतीला करा."

मैत्रीण शेवटच्या खुर्चीवर होती. हो म्हटलं की वसाहत माझी, आणि ती गेली. मी चष्मा काढला, आणि नळीतून तिचा कागदही.

"साहेब, तो गहू आहे. अर्धा सकाळी म्हशीनं खाल्ला. खुर्च्यांखाली बघा."

साहेबांनी खरंच वाकून पाहिलं. "मग वसाहतीत काय, हरभरा पेरणार होता?"

"नाही, साहेब. हिनं काढलेला हा आराखडा बघा. मी तुम्हाला दाखवलाच नव्हता."

त्यांनी उभ्या उभ्या तो कागद पाहिला. "कट्टे जरा रुंद करा," एवढंच म्हणाले.

मी वळून पाहिलं तर मैत्रिणीची खुर्ची रिकामी.

धावतपळत ऑफिसवर आले. भिंतीला शिडी लावलेली, आणि ती हातोडी घेऊन वरच्या पायरीवर. संपलं, म्हटलं. तिनं खाली वळूनही पाहिलं नाही.

"शिडी तर नाव काढायलाच आणली होती. आता आणलीच हाय तर खालून बघून सांग, बोर्ड सरळ झाला का; किती दिवसांपासून माझी बाजू लटकून राहिली."