मांयचा संशय

माझी सासू दुधाच्या पिशवीवरची तारीख कधी वाचायची नाही. वाचता येत होतं, चांगलं येत होतं. पण ती पिशवी कापायची, नाकाशी धरायची, डोळे मिटून हुंगायची आणि मगच टोपात ओतायची. "तारीख तेंनीच छापलेली, दूधय तेंचांच. ते खरां कित्याक सांगतले?" असं तिचं म्हणणं. आमच्याकडे राहायला असली आणि सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत दारात आला, की एकेक उंडा पाव दाबून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. शेवटी शेवटी तो पोदेर आमच्या गल्लीत शिरताना भोंपू जरा हळूच वाजवायला लागला होता.

तिला सगळे मांय म्हणत, म्हणून मीही मांय म्हणायचो. पेडण्याच्या पार टोकाला, केरीला, जिथून फेरीबोट तेरेखोलला जाते, त्या धक्क्यावर तिचं चहाचं दुकान होतं. धक्क्यावरची पोरं तिला मागून 'इन्स्पेक्टर' म्हणत. माझं स्थळ सांगून आलं, तेव्हा ती एकटीच डिचोलीला आली आणि आमच्या घरी न येता आधी बाजारातल्या न्हाव्याकडे गेली. मी कसा आहे, पितो काय, भांडतो काय, सगळं त्याच्याकडून काढून घेतलं. "घरचे लोक बरांच सांगतले. न्हाव्याक माणूस खरो कळता, तेच्या हातात वस्तरो आसता." न्हाव्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक, लग्न झालं एवढं खरं. पण त्यानंतरही बरीच वर्षं ती माझ्याकडे त्या दुधाच्या पिशवीसारखीच बघायची.

तिचं एक वाक्य होतं. "'बरो आसंय' म्हणणाऱ्याचो इस्वास धरू नये." हे ती कधीही, कुणालाही ऐकवायची. आम्ही हसायचो. आमची रेवा पाच वर्षांची असताना मांय शिगम्याला आमच्याकडे आली होती. मी स्पेअरपार्टच्या दुकानात जायला शर्ट घालत होतो. तिनं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि म्हणाली, "कॉलर घट्ट कशी झाली? अंगान तर तुमी सुकलास." मानेत गाठ होती, ती मलाही माहीत होती. दुखत नव्हती म्हणून मी बायकोला, दीप्तीलाही, बोललो नव्हतो. "काय नाय मांय, बरो आसंय," मी म्हणालो. मांयनं हातातली पळी खाली ठेवली. "दीप्ती, शाळेत आज रजा सांग. हेंका डॉक्टराकडे व्हर." त्या गाठीचं नाव पुढे लिम्फोमा निघालं. म्हणजे कॅन्सरच.

मांय केरीचं दुकान शेजारणीच्या हवाली करून आमच्याकडे राहायला आली. दीप्तीची प्राथमिक शाळेतली नोकरी सुटून चालणार नव्हतं, आता तर मुळीच नाही. डॉक्टर तरुण होते, हसतमुख. हा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो, म्हणाले. मांयला तो डॉक्टर तिथल्या तिथे नापसंत झाला. "हसान सांगता म्हणजे कायतरी लपयता." मग तिनं गावच्या देवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे सगळं चांगलं. दुसरा कोणी असता तर नारळ फोडून घरी आला असता. मांय तिथून उठून दुसऱ्या देवळात गेली आणि तिथेही कौल लावला. असं का, विचारलं तर म्हणाली, "तो देव आमच्या गावचो. आमका वायट वाटू नये म्हणान उजवो दिल्यान आसात."

केमो सुरू झाली. केस गेले, तोंडाची चव गेली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता अंगात रोगाशी लढायची ताकद राहणार नाही, तेव्हा गर्दी, माती, फुलं, कच्ची फळं टाळा, सर्दी-तापाच्या माणसांपासून लांब राहा. एवढंच सांगायचं होतं. डॉक्टरांनी हे कुणाच्या हाती दिलंय, ते त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात बादली, साबण आणि स्टूल, आणि स्टुलावर मांय. येईल त्याचे हातपाय धुऊन घ्यायची आणि आवाज ऐकायला दोन वाक्यं बोलायला लावायची. माझा सख्खा भाऊ एकदा शिंकला, तर त्याला पायरीवरूनच परत पाठवला. नाकात माशी गेली म्हणून तो गयावया करत राहिला. मित्रांनी आणलेली सफरचंदं व्हरांड्यातच सुकायची. थर्मामीटर तोंडातून काढला, की ती स्वतःचा हात माझ्या मानेमागे लावून बघायची. काचेला काय कळतं, हा तिचा प्रश्न.

हे सगळं मी हसत सोसलं असतं. पण तिनं रेवाला माझ्यापासून तोडलं. रेवाच्या शाळेत कायम कुणाला तरी सर्दी असायची, आणि मांयला रेवाच्या प्रत्येक श्वासाचा संशय यायचा. आधी रेवाची चटई आमच्या खोलीतून बाहेर गेली, मांयच्या बाजूला. झोपताना मी गोष्ट सांगायचो, ती बंद झाली. मग माझ्या लक्षात आलं, की मांय रेवाला स्वतःच्या हातानं आंघोळ करायला शिकवतेय. स्वतःचा डबा भरायला, चपलांचे पट्टे लावायला शिकवतेय. पहिल्यांदा रेवा दाराशी येऊन रडायची. नंतर रडेनाशी झाली. एक दिवस ती दारावरून नुसती धावत गेली, आत बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी पडल्या पडल्या मी एकच गोष्ट घोळवत राहिलो. ह्या म्हातारीनं मला वजा करून टाकलंय.

दुपारी ती माझ्या दाराबाहेर बसून पेजेचे तांदूळ निवडत होती. मी विचारलंच. "मांय, तुमी रेवाक माझ्याशिवाय ऱ्हवची सवय लावतास?"

मला वाटलं, नाही म्हणेल. तिनं मान वर न करता सांगितलं, "होय, लावतंय."

सुपातल्या तांदळात तिचं बोट फिरत राहिलं.

"दीप्ती पाच वर्सांची होती," ती म्हणाली. "हिचो बापूस मायनिंगच्या ट्रकार ड्रायव्हर. त्या सकाळी तो छाती चोळीत होतो. मी विचारलंय. तो 'बरो आसंय' म्हणालो आणि गेलो. माका ता खरां वाटलां. थंय रस्त्याच्या कडेक ट्रक उभो करून स्टेअरिंगार डोक्यां टेकल्यान ता टेकल्यानच. मगे ह्या चेडू रोज धक्क्यार जावन बसायचां. फेरी लागली की उतरणाऱ्या माणसांची तोंडां बघायचां. शाळेत जायना, जेवना. मी कितीदा ओढून हाडलंय." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुमका वाचवूक मी हय इलंय. जीव गेलो तरी वाचयतलंय. पण एकाच गोष्टीर इस्वास ठेवन बसाक माका आता जमाचा नाय. तुमका राग इलो तर येवंदे."

राग आलाच. त्या दिवशी मी पेज घेतली नाही. माझ्या जिवंतपणी माझी जागा झाडून ठेवतायत, ही गोष्ट कितीही समजून घेतली तरी गळ्याखाली उतरत नाही. पण दुसरीकडे, ह्या घरात माझ्याशी खरं बोलणारं ते एकच माणूस होतं. बाकी सगळे 'काय होत नाही रे' म्हणून जात होते. संध्याकाळी मी तिला एवढंच म्हणालो, "तिका माझ्याशिवाय ऱ्हवची सवय लावा. पण माका तिच्याशिवाय ऱ्हवची सवय कोण लायतलो?" पदरानं तोंड पुसत ती चुलीकडे गेली.

चवथ जवळ आली. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, रानातली फळं आणि भाज्या लाकडी चौकटीला टांगून. आमच्या घरी ती मी आणि रेवा बांधायचो. मी स्टुलावर, ती खालून एकेक फळ देणार. त्या वर्षी रानातली कच्ची फळं आणि शाळेतलं पोर, दोन्ही मला वर्ज्य. माटोळी भाऊच बांधेल, असं मी धरून चाललो होतो. आदल्या सकाळी स्वयंपाकघरातून हळदीच्या पाण्याचा आणि आणखी कसलातरी उग्र वास आला. जाऊन बघतो तर चुलीवर आंघोळीचं तपेलं, आणि त्यात मांय माटोळी उकडत होती. आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस, रानातली कांगलां, सगळं. झाऱ्यानं काढून धुतलेल्या पंच्यावर निथळत ठेवत होती. रेवा नाकातोंडाला मास्क बांधून, कोपरापर्यंत हात धुऊन, परीक्षेला बसल्यासारखी पाटावर बसली होती.

"स्टूल घ्या," मांय मला म्हणाली. "चेडवाक मी सकाळधरना तपासलंय. शिंक नाय, खोकलो नाय."

माझ्या भावजयीला राहवलं नाही. "मांय, देवाक शिजयलेली माटोळी? देवाक काय वाटात?"

"देवाक काय होवचां नाय," मांय म्हणाली. "हेंका होयत."

मी स्टुलावर चढलो. खालून दीप्तीनं मला धरलं होतं. रेवा कोमट कोमट फळं वर देत होती आणि मास्कमधून भराभर बोलत होती. शाळेतलं कुठलंसं भांडण, आजीनं शिकवलेली वेणी, इतके दिवस साठलेलं सगळं. मी गाठी मारत होतो आणि मला गाठी दिसत नव्हत्या. त्या माटोळीचं रूप काय सांगावं! आंबाडे मातकट पडले, कांगलां मान टाकून लोंबायला लागली, आणि ऐन आरतीत उकडलेला चिबूड सुतळीतून सुटून भटजींच्या शेजारी फत्तकन पडला. रेवा एवढी हसली की भटजीही हसले. मांय हसली नाही. चिबूड कुणाच्या अंगावर उडाला काय, ते ती बघत होती.

उपचार संपले. पहिला स्कॅन स्वच्छ आला, डॉक्टर पुन्हा हसले. मांय म्हणाली, "बघू." आम्ही पेढे वाटले, तिनं पेढा हुंगून ठेवून दिला. काही महिन्यांनी दुसरा स्कॅनही स्वच्छ आला. ह्या वेळी ती 'बघू' म्हणाली नाही. जेवणं झाल्यावर तिनं रेवाची चटई गुंडाळली, आमच्या खोलीत आणली आणि माझ्या बाजूला अंथरली. उशी दोनदा झटकली. सकाळी पहिल्या बसनं ती केरीला निघून गेली. मी बरा झालो, हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण माझा विश्वास त्या चटईवर बसला.

मग दर रविवारी फोन. "कसे आसात?" मी म्हणायचो, "बरो आसंय." लगेच ती म्हणायची, "दीप्तीक दी." दीप्तीकडून खात्री करून घ्यायची, मग रेवाकडून. तिघांचं जुळलं की समाधान. शेवटी आम्ही विचारायचो, "मांय, तुमी कशा?" ती म्हणायची, "मी बरी आसंय." आणि आम्ही फोन ठेवायचो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात शेजारणीचा फोन आला. मांय दुकानातच, स्टोव्ह पेटवायच्या आधी गेली होती. केरीला पोचल्यावर कळलं, की कितीतरी महिने तिला दम लागत होता. पायांवर सूज होती. धक्का चढताना मध्येच बसायची. धक्क्यावरच्या पोरांना माहीत होतं, फेरीवाल्यांना माहीत होतं. आम्हाला नव्हतं. जिनं आयुष्यभर ह्या दोन शब्दांवर विश्वास ठेवला नाही, तिच्या तोंडचे तेच दोन शब्द आम्ही दर रविवारी खरे मानले. तिच्यासारखा संशय घेणारं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं.

त्या चवथीला मी माटोळी बांधायला स्टुलावर चढलो. आता फळं उकडायची गरज नाही, तरी रेवानं एक आंबाडा गरम पाण्यातून काढून आणला आणि वर दिला. मी तो मधोमध टांगला. खाली उतरताना जरा धाप लागली, वय होतंय, दुसरं काही नाही.

"बाबा, बरो आसस ना?"

"बरो आसंय गो."

रेवानं माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. मग टाचा उंचावून आपला हात माझ्या मानेमागे लावला आणि तसाच धरून ठेवला.

"बघू," ती म्हणाली.